पी०३०२ पुसला, पी०३०२ परत आला : मिसिंग करणाऱ्या इंजिनाचं मूळ कसं शोधावं

सकाळी गाडी सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटं इंजिन लंगडत चालायचं. थरथर स्टिअरिंगपर्यंत यायची, आरपीएमचा काटा ७०० आणि ९०० च्या मध्ये डुलत राहायचा आणि सायलेन्सरच्या एकसारख्या आवाजात मध्येच एखादा ठोका गाळल्यासारखा व्हायचा. इंजिन तापलं की सगळं शांत. असं चार-सहा दिवस चाललं की चेक इंजिनचा दिवा लागायचा. स्कॅनर लावला की कोड एकच : पी०३०२, म्हणजे २ नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, त्याचा ठोका चुकतोय.

पहिल्या वेळी चारही स्पार्क प्लग बदलले. कोड पुसला, दिवा गेला, तीन आठवड्यांनी परत आला. दुसऱ्या वेळी २ नंबरच्या प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल नवी घातली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढून साफ करून घेतले आणि दहा दिवसांत दिवा हजर. काढलेल्या जुन्या भागांपैकी एकही खराब नव्हता, हे नंतर तपासून कळलं. कोडने ज्या सिलिंडरचा नंबर सांगितला, त्याच्या डोक्यावर बसलेला जो भाग सहज हाताला लागेल तो बदलायचा, एवढंच आम्ही करत होतो.

त्या अनुभवानंतर मी ज्या क्रमाने तपासतो तो इथे मांडतो. ज्यांची गाडी कोड पुसून पुसून तिथेच येते त्यांना याचा उपयोग होईल. हे सगळं पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. डिझेलमध्ये ना प्लगची ठिणगी, ना हवेचं तसं गणित, त्यामुळे त्याची तपासणी वेगळी.

कोड नक्की काय म्हणतो

कोडचं पहिलं अक्षर गाडीचा विभाग सांगतं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसिस, यू म्हणजे गाडीतल्या कंप्युटरांचं आपापसांतलं बोलणं. त्यापुढचा आकडा ० असेल तर कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना सारखाच. १ असेल तर तो कंपनीचा स्वतःचा कोड, आणि त्याचा अर्थ त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघायचा. नेटवर दुसऱ्याच कंपनीचा अर्थ सापडतो आणि माणूस भलत्या दिशेला जातो. पी च्या कोडमध्ये त्यानंतरचा आकडा १ किंवा २ असेल तर विषय इंधन आणि हवेचा, ३ असेल तर इग्निशन आणि मिसफायरचा, ४ असेल तर धूर कमी करणाऱ्या यंत्रणेचा, ५ असेल तर वेग आणि आयडलिंगचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू राहण्याचा.

आता मिसफायरच्या कोडकडे या. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला, सिलिंडरच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. तो फक्त क्रँकशाफ्टच्या, म्हणजे सगळे पिस्टन मिळून फिरवतात त्या दांड्याच्या, फिरण्यावर लक्ष ठेवतो. क्रँकवर एक दातेरी चकती असते. बऱ्याच गाड्यांत ६० दातांची, त्यातले २ दात खुणेसाठी मुद्दाम गाळलेले. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक १८० अंश फिरला की एका सिलिंडरची जोर लावायची पाळी येते. त्या जोराने क्रँक क्षणभर किंचित वेग घेतो. एखाद्याने आपल्या पाळीला जोर लावला नाही की ते १८० अंश कापायला क्रँकला जरा जास्त वेळ लागतो. हा फरक सेकंदाच्या बारीक अंशात मोजून ईसीयू हिशेब ठेवतो, आणि असे चुकलेले ठोके ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की कोड लावतो.

म्हणून पी०३०२ चा शब्दशः अर्थ एवढाच : २ नंबरच्या पाळीला क्रँकला हवा तेवढा जोर मिळाला नाही. का मिळाला नाही, ते तो सांगत नाही, सांगूही शकत नाही. ठिणगी पडली नसेल, पेट्रोल कमी-जास्त गेलं असेल, हवा नको तिथून शिरली असेल किंवा कॉम्प्रेशनच, म्हणजे सिलिंडरमधल्या मिश्रणावरचा दाबच, गेलं असेल. याच्या उलट पी०३५२ हा २ नंबरच्या कॉइलच्या सर्किटचा कोड आहे आणि पी०२०२ हा २ नंबरच्या इंजेक्टरच्या सर्किटचा. हे कोड ईसीयूने वीज मोजून लावलेले असतात, त्यामुळे त्यांचं बोट बऱ्यापैकी नेमकं असतं. तिथेही दोष भागातच असेल असं नाही. कनेक्टरची सैल पिन किंवा कुठेतरी घासलेली वायरसुद्धा तोच कोड देते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी जपून घरी नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर लगेच सोडा आणि गाडी सुरक्षित जागी थांबवा. लुकलुकणं म्हणजे क्रँकच्या साधारण २०० फेऱ्यांत इतके ठोके चुकले की सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होण्याचा धोका आहे. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही कन्व्हर्टरमध्ये पोचतात आणि तिथे जळतात. आतली सिरॅमिकची जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. मिसफायर नीट करणं कन्व्हर्टर बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं काम आहे, म्हणून "पोचू कसेबसे" असं म्हणत गाडी दामटू नका.

पुसण्याआधी फ्रीज फ्रेम उतरवून घ्या

माझ्या गाडीचे दोन महिने वाया गेले ते या एका गोष्टीपायी. कोड लागतो त्या क्षणी ईसीयू त्या वेळची परिस्थिती साठवून ठेवतो. कूलंटचं तापमान, आरपीएम, गाडीचा वेग, इंजिनावरचा लोड, आणि पेट्रोलची दुरुस्ती म्हणजे फ्युएल ट्रिम. याला फ्रीज फ्रेम म्हणतात. साध्यातला साधा स्कॅनरही तो दाखवतो. कोड पुसला की फ्रीज फ्रेम जातो. बॅटरीची टर्मिनल काढून "रिसेट" केलं तर बहुतेक गाड्यांत तोच परिणाम होतो. पहिल्या दोन्ही वेळी गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्याबरोबर कोड वाचला आणि पुसला, आणि नेमका जो पुरावा हवा होता तो गेला. तिसऱ्या वेळी मी आधी स्क्रीनचे फोटो काढले.

त्यात हे होतं : कूलंट ३८ अंश सेल्सिअस, आरपीएम ७८०, वेग ०, शॉर्ट टर्म ट्रिम +१९ टक्के, लाँग टर्म ट्रिम +६ टक्के (ट्रिमचा अर्थ पुढे सांगतो).

हे पाच आकडे तीन वेळा बदललेल्या भागांपेक्षा जास्त सांगत होते. इंजिन गार होतं, गाडी उभी होती, लोड जवळजवळ नव्हता. कॉइल किंवा प्लग कमजोर असेल तर तो सहसा लोडवर उघडा पडतो, कारण सिलिंडरमधला दाब जितका जास्त तितकं ठिणगीला प्लगची फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. चढावर किंवा ओव्हरटेक करताना गचके, आणि आयडलला ठीक, ही कमकुवत ठिणगीची खूण. माझ्या गाडीत नेमकं उलटं होतं. चढावर गाडी छान ओढायची. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

फ्रीज फ्रेम वाचताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : हा दोष कधी दिसतो आणि कधी लपतो? गार असताना आणि आयडलला दिसत असेल तर इनटेकची, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेची, गॅस्केट, रात्रभर थेंब थेंब गळणारा इंजेक्टर आणि हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये झिरपणारं कूलंट, हे संशयित. कूलंटच्या बाबतीत सकाळी पांढरा धूर, त्याला गोडसर वास आणि टाकीतली पातळी हळूहळू खाली जाणं, ही साथ बहुधा असते. इंजिन तापल्यावर आयडलला दिसत असेल तर उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा जळलेला वायू परत इंजिनात सोडणारा) किंवा व्हॉल्व्हची सेटिंग घट्ट होणं. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत व्हॉल्व्ह सीट झिजून सेटिंग घट्ट होत जाते आणि हा प्रकार जास्त दिसतो. दमट हवेत किंवा इंजिन धुतल्यावर दिसत असेल तर कॉइलचं रबरी बूट आणि प्लगची पोर्सेलीन बघा. पेट्रोल भरून गाडी सुरू करताच दोन मिनिटं खोकत असेल, एरवी नाही, तर टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिलाय का ते आधी बघा. हा व्हॉल्व्ह बऱ्याच जणांच्या ध्यानीमनीही नसतो.

एकापेक्षा जास्त कोड असतील तर

चार कोड दिसले की माणूस घाबरतो. बहुतेक वेळा त्यात एक मूळ असतो आणि बाकीचे त्याची पिलावळ. मी आधी व्होल्टेज आणि यू ने सुरू होणारे कोड बघतो, कारण बॅटरी किंवा अर्थिंगच ढिलं असेल तर बाकीच्या सगळ्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट मिळायला हवेत. काही गाड्यांत ईसीयू मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तो अपवाद. त्यानंतर क्रँक आणि कॅम सेन्सरचे पी०३३५, पी०३४०, आणि त्या दोघांचा ताळमेळ चुकल्याचा पी००१६. टायमिंग चेन ताणली गेली की पी००१६ येतो आणि त्याच्यासोबत मिसफायरही येतात. अशा वेळी प्लग बदलून काय होणार?

मग हवा-इंधनाचे : पी०१०१ हवा मोजणाऱ्या सेन्सरचा, पी०१७१ मिश्रण पातळ असल्याचा, पी०१७२ जाड असल्याचा. त्यानंतर मिसफायरचे पी०३०० ते पी०३०४. पी०४२० हा कन्व्हर्टरचा कोड मिसफायरसोबत आला तर सगळ्यात शेवटी. मिसफायर दुरुस्त झाल्यावर काही दिवस गाडी चालवून बघा. कन्व्हर्टर वाचला असेल तर पी०४२० परत येत नाही.

फ्युएल ट्रिम : खरा माग इथे लागतो

पेट्रोल पूर्ण जळायला १ भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते. ईसीयू आत जाणारी हवा मोजतो, त्या मानाने पेट्रोल सोडतो आणि ऑक्सिजन सेन्सरकडून विचारून घेतो की जमलं का. ऑक्सिजन उरला असेल तर पेट्रोल वाढवतो, कमी पडला असेल तर घटवतो. ही ताबडतोब केलेली दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. तीच दुरुस्ती रोज लागायला लागली की ईसीयू ती लक्षात ठेवतो, ती लाँग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज करायची. शून्याच्या आसपास, अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चिंता नाही. अधिक २५ च्या घरात टिकून राहिली की पी०१७१ लागतो.

बेरजेवर निर्णय घेण्याआधी एवढं ध्यानात ठेवा की १० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण १४.१ भागच हवा लागते. जुन्या, इथेनॉल धरून न बनवलेल्या गाडीत काहीही बिघाड नसताना ट्रिम त्यामुळे अधिक ३-४ दिसू शकते.

आता गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून दोन वेळा बेरीज घ्या. एकदा आयडलला, एकदा रेस देऊन २५०० आरपीएमला अर्धा मिनिट स्थिर धरून.

आयडलला बेरीज खूप अधिक आणि २५०० ला उतरून जवळपास शून्य, तर बाहेरून हवा शिरतेय. कारण साधं आहे. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, ओढ जबरदस्त असते आणि इंजिनाला लागणारी हवा मात्र थोडीशी. त्या थोडक्या हवेत फटीतून शिरलेला वाटा मोठा ठरतो. थ्रॉटल उघडला की ओढ कमी होते, एकूण हवा कितीतरी पट वाढते आणि फटीतला वाटा नगण्य होतो.

याच्या उलट, आयडलला ठीक आणि रेस दिल्यावर, त्याहून जास्त चढावर, बेरीज वाढतच जाते, तर पेट्रोल पुरत नाही किंवा हवा कमी मोजली जातेय. पंप, फिल्टर, पेट्रोलचा दाब बघा. हवा मोजणाऱ्या सेन्सरची बारीक तार किंवा पत्री तेलकट धुळीने माखली की तो हवा कमी सांगतो. त्यासाठी मिळणाऱ्या खास स्प्रेनेच ती साफ करा, बोट किंवा कापड लावू नका. दोन्ही ठिकाणी सारखीच अधिक असेल तर मी पेट्रोलचा दाब मोजायला घेतो, आणि त्याच वेळी ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा पाइप कुठे फुटलाय का तेही बघतो. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर तिलाच उरलेला ऑक्सिजन समजतो. मिश्रण ठीक असतं, फसगत सेन्सरची असते.

इथे एक सापळा आहे, त्यात चांगले अनुभवी लोकही अडकतात. मिसफायर झाला की त्या सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो. पेट्रोलही बाहेर पडतं, पण ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल कळत नाही, ऑक्सिजन तेवढा कळतो. तो म्हणतो, मिश्रण पातळ आहे. ईसीयू सगळ्याच सिलिंडरांना पेट्रोल वाढवतो आणि ट्रिम अधिक दिसते. म्हणजे नुसती कॉइल गेली तरी पी०१७१ लागू शकतो. पातळ मिश्रणाने मिसफायर झाला की मिसफायरने मिश्रण पातळ दाखवलं, हे ठरवायचं असेल तर स्कॅनरवर मिसफायरचा आकडा आणि ट्रिम एकाच वेळी लावून बघा. ठोके चुकणं थांबलं तरी ट्रिम अधिकच राहिली, तर पातळपणा आधीचा आहे. माझ्या गाडीत दुसऱ्याच मिनिटाला चुकलेल्या ठोक्यांचा आकडा जागेवर थांबला होता, ट्रिम मात्र अजून +१५ होती. आणि २५०० ला ती +३ वर आली.

हे सगळं हवा थेट मोजणाऱ्या, म्हणजे एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीबद्दल झालं. अनेक लहान गाड्यांत एमएएफ नसतो. तिथे मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेतात, त्याला एमएपी म्हणतात. अशा गाडीत गळतीने आलेली हवाही दाबात मोजली जाते, ईसीयू तिच्यासाठी पेट्रोल सोडतो आणि ट्रिम फारशी हलत नाही. त्याऐवजी आयडल चढतं आणि पी०५०७ लागतो. तिथे इंजिन तापल्यावर आयडलला दाब बघायचा. समुद्रसपाटीजवळ तो साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. ५० च्या आसपास राहत असेल तर गळती, उशिराचं टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन, यांपैकी काहीतरी आहे.

एकच सिलिंडर बोलत असेल तर

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर एकाच फेरीत दोन भागांचा निकाल लागतो. २ नंबरची कॉइल ३ वर लावा, २ चा प्लग ४ वर लावा, इंजेक्टर जागेवरच ठेवा. गाडी ज्या परिस्थितीत मिस मारते त्याच परिस्थितीत चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल, पी०३०४ झाला तर प्लग. पी०३०२ जागचा हलला नाही तर दोघेही निर्दोष. राहिले इंजेक्टर, वायरिंग, हवा आणि कॉम्प्रेशन. ही अदलाबदल मी पहिल्याच दिवशी केली असती तर प्लग आणि कॉइलची खरेदीच झाली नसती.

प्लग बाहेर आलाच आहे तर तो नीट निरखा. पेट्रोलने ओला म्हणजे बहुधा ठिणगी पडत नाही. तेलकट काळा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून तेल येतंय. तीन प्लग तपकिरी आणि एकच वाफेने धुतल्यासारखा लख्ख, तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट येत असण्याची दाट शक्यता. पोर्सेलीनवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगीने बाहेरून पळवाट काढली आहे. अशा वेळी नुसता प्लग बदलू नका, रबरी बूटही बदला, कारण तीच रेघ बुटाच्या आत जळून बसलेली असते आणि नवा प्लग लवकरच खराब करते.

इंजेक्टरची वायर काढून मल्टिमीटरने रोध मोजा. पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल इनटेकच्या तोंडाशी फवारणाऱ्या, बहुतेक गाड्यांत तो ११ ते १६ ओहम असतो. चारही सारखे आहेत का, हे जास्त महत्त्वाचं. रोध बरोबर असूनही इंजेक्टर चोंदलेला असू शकतो, म्हणून त्याचीही जागा बदलून बघणं उत्तम.

कॉम्प्रेशन शेवटी, पण टाळू नका. धडधाकट पेट्रोल इंजिनात साधारण १२० ते १८० पीएसआय येतं. नेमका आकडा मॅन्युअलमधला धरायचा, आणि चौघांतला फरक १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

जोडीने येणारे कोडही बोलके असतात. १ आणि ४, किंवा २ आणि ३ एकत्र आले, आणि गाडीत दोन सिलिंडरांना मिळून एक कॉइल असेल, तर त्या जोडीची कॉइल आधी बघा. १ आणि २ किंवा ३ आणि ४ असे शेजारी एकत्र आले तर त्यांच्या मधली हेड गॅस्केट फुटलेली असू शकते. २ आणि ३ शेजारीही आहेत आणि कॉइलची जोडीही. तिथे कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय निर्णय नाही.

पी०३०० म्हणजे नेम नसलेला मिसफायर, कधी हा सिलिंडर कधी तो. इथे एकेका सिलिंडरच्या मागे लागू नका. सगळ्यांना सामाईक काय आहे ते शोधा : पेट्रोलचा दाब, पेट्रोलमधलं पाणी, थ्रॉटलच्या मागची मोठी हवागळती, ईजीआर, टायमिंग, अर्थिंग. खडबडीत रस्त्यावर चाकांचे धक्के क्रँकपर्यंत पोचतात आणि ईसीयूला ते चुकलेल्या ठोक्यांसारखे भासू शकतात, त्यामुळे कोड अशाच रस्त्यावर लागला असेल तर आधी ट्रिम आणि गाडीचं वागणं बघा.

आणि थरथर आहे पण कोड नाही, मिसफायरचा आकडाही शून्य? मग इंजिन माउंटिंग बघा. गाडी गिअरमध्ये किंवा एसी चालू असताना थरथर वाढते आणि न्यूट्रलला घेतलं की कमी होते, तर बहुधा तेच.

माझ्या गाडीत काय निघालं

गार इंजिन, आयडल, ट्रिम अधिक २५, रेस दिल्यावर उतरते, कोड एकाच सिलिंडरचा. सगळं २ नंबरच्या जवळच्या हवागळतीकडे बोट दाखवत होतं. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करायला सांगितली. मॅनिफोल्डमध्ये धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. धूर कुठूनच आला नाही. मेकॅनिक म्हणाले, "साहेब, गळती नाही. इंजेक्टर नवाच टाकू."

तेव्हा ते पटलंही. पण रात्री फोटो पुन्हा बघताना लक्षात आलं की कोड ३८ अंशांना लागला होता, आणि मी पाऊण तास गाडी चालवून गॅरेजला नेली होती. टेस्ट झाली तेव्हा इंजिन चांगलं तापलेलं होतं. ज्या वेळी दोष लपतो, नेमकं त्याच वेळी आम्ही त्याला शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी गॅरेजमध्येच ठेवून आलो आणि सकाळी इंजिन सुरू न करता धूर सोडायची विनंती केली. मेकॅनिक मनापासून तयार झाले. अर्ध्या मिनिटात २ नंबरच्या इनटेकच्या तोंडाशी, मॅनिफोल्ड हेडला बसतो त्या सांध्याच्या खालच्या बाजूने, धुराची बारीक रेघ वर आली. प्लास्टिकचा मॅनिफोल्ड, त्यात बसणारी रबरी सील. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सील कडक आणि चपटी झाली होती. गार असताना फट राहायची, इंजिन तापलं की सगळं फुगून फट बुजायची. फट २ नंबरच्या तोंडाशी, म्हणून जास्तीची हवा त्यालाच जायची आणि ठोका त्याचाच चुकायचा. लाँग टर्म ट्रिम फक्त +६ का होती, तेही उलगडलं : दिवसभर तापलेलं इंजिन नीट चालायचं आणि सकाळची दुरुस्ती पुसून टाकायचं. म्हणूनच पी०१७१ कधी लागला नाही.

चारही सील नव्या घातल्या, बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने आवळले. घरी स्प्रे मारून गळती शोधायची असेल तर साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा वापरा, फवारा लागल्यावर आवाज बदलतो ती जागा. पेट पकडणारे क्लीनर इंजिनावर मारणं मी सोडलं आहे. गरम मॅनिफोल्ड आणि एखादी बाहेर पळणारी ठिणगी पुरेशी असते.

दुरुस्ती झाली हे कशावरून

या वेळी मी कोड पुसू दिला नाही. लागोपाठ तीन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून बंद करणं म्हणजे एक) दोष दिसला नाही तर ईसीयू दिवा स्वतः बंद करतो. मिसफायर आणि इंधनाच्या कोडसाठी त्याचा नियम आणखी कडक आहे. ज्या परिस्थितीत दोष दिसला होता तशीच परिस्थिती पुन्हा यायला हवी : आरपीएम ३७५ च्या फरकात, लोड २० टक्क्यांच्या फरकात, आणि इंजिन गार होतं तर गारच. तापलेल्या गाडीतून कितीही फिरलं तरी माझ्या गाडीतला दिवा त्यामुळे विझणार नव्हता.

तीन सकाळी स्कॅनर लावून बसलो. कूलंट ३८ अंशांना पोचताना शॉर्ट टर्म ट्रिम +४, +३, +४. २ नंबरच्या चुकलेल्या ठोक्यांचा आकडा तिन्ही दिवस शून्य. चौथ्या सकाळी चावी फिरवली आणि इंजिन सुरू झाल्यावर दिवा विझला तो विझलाच. पी०३०२ स्कॅनरच्या यादीत अजून जुना कोड म्हणून दिसतो. इंजिन ४० वेळा गार होऊन तापलं की तोही ईसीयू स्वतःच काढून टाकेल.